न बिघडलेला फिल्टर

दाराची बेल बिघडली आहे असे गाळणीसरांचे मत होते, आणि गाळणीसरांचे मत म्हणजे ज्यावर अपील नाही असा निकाल. मुलगी आणि जावई सामानसुमानासह बराच वेळ दाराबाहेर उभे राहिले, अखेर जावयाने दारावर मूठ आपटली, तेव्हा कुठे सरांनी दार उघडले आणि स्वागताचे पहिले वाक्य उच्चारले.

"बेल बिघडलीय हे ठाऊक असताना ती दाबत कशाला बसता?"

"बाबा, बेल चांगली खणखणीत वाजतेय. खालच्या बाईंचा कुत्रासुद्धा भुंकला."

"म्हणजे आता कुत्र्याच्या साक्षीवर मी बेल निर्दोष सोडायची?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने बॅगेकडे पाहिले. सासऱ्यांशी वाद घालायचा नाही, या एका तत्त्वावर त्याचा संसार सुखाने चालला होता.

आरोपींत बेल एकटी नव्हती. अलीकडच्या काळात वस्तूंचा दर्जा घसरला आहे, असा सरांचा सिद्धान्त होता आणि त्याला पुराव्यांची वानवा नव्हती. गजराचे घड्याळ गजर करीनासे झाले होते. शिट्टी वाजवणारी किटली मुक्यानेच उकळून दोनदा करपली, म्हणून सरांनी ती माळ्यावर टाकून नवी आणली, तर तीही तशीच निघाली. खिडकीतल्या चिमण्यांनी चिवचिव सोडली होती. आणि माणसे तर तोंडातल्या तोंडात बोलू लागली होती. "आमच्या वेळी लोक शब्द पुरा उच्चारायचे," असे सर म्हणत, आणि त्यावर समोरचा जे काही बोले, ते त्यांना तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखेच वाटे.

सरांचे हे टोपणनाव विद्यार्थ्यांनी ठेवले होते. तंत्रनिकेतनात त्यांनी उभी हयात विद्युत्‌मंडले शिकवण्यात घालवली, आणि त्यातही त्यांचा जीव फिल्टरांवर. "फिल्टर म्हणजे गाळणी," ते वर्गात सांगत. "चहाची गाळणी चोथा अडवते, आपली गाळणी कंपनं अडवते. संथ कंपनांना वाट देऊन चपळांना अडवतो तो लो-पास. चपळांना सोडून संथांना अडवतो तो हाय-पास. मधल्या एका पट्ट्यापुरतंच दार उघडतो तो बँड-पास. आणि तेवढाच पट्टा वगळून बाकी साऱ्या जगाला घरात घेतो तो बँड-स्टॉप. एक कॉइल, एक कंडेन्सर. त्यांची मांडणी बदला, स्वभाव बदलतो."

हे चारही प्रकार आपल्या घरातच नांदतात, असे सरांच्या पत्नी म्हणत असत. सासूबाई लो-पास: दुसऱ्या खोलीतली कुजबुज ऐकणार, हाक ऐकणार नाहीत. मुलगी हाय-पास: ओरडल्याशिवाय तिच्यापर्यंत काही पोचायचे नाही. "आणि तुम्ही बँड-पास. जेवायला चला आणि तुमची स्तुती, एवढा पट्टा सोडला तर सगळं बंद."

"अगं, तू आवाजाचा जोर आणि आवाजाची उंची यांत गल्लत करतेस," सर कळवळून सांगत. "फिल्टर जोर बघत नाही, उंची बघतो!"

"आणि मी बँड-स्टॉप," त्या शांतपणे पुरे करीत. "मला सगळं ऐकू येतं. हे तुमचं फिल्टरपुराण तेवढं सोडून."

त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली होती. सर त्यांच्याविषयी फारसे बोलत नसत. मात्र कामाच्या खोलीत, सोल्डरिंगच्या, म्हणजे डाखकामाच्या, राळेचा वास भरून राहिलेल्या त्या टेबलापाशी, पत्नी ज्या स्टुलावर बसून पुराण न ऐकता भरतकाम करीत, ते स्टूल त्यांनी होते तिथून हलवू दिले नव्हते. झाडूवालीला ते स्टुलाभोवतीने झाडायला लावीत.

मुलगी आली होती ती निरोप घ्यायला. जावयाची बदली फार दूरच्या गावी झाली होती आणि परवा निघायचे होते. तिला घरातून एकच गोष्ट न्यायची होती: आईचा आवाज. तो जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. सरांनी तरुणपणी हौसेने घेतलेल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरची चाचणी घेताना, एका दुपारी, तो फितीवर अपघाताने उतरला होता. फीत आता इतकी जुनी झाली होती की दर वेळी वाजवताना तिच्यावरून तपकिरी पूड झडे. म्हणजे दर ऐकण्यागणिक आई थोडी थोडी कमी होत होती.

"संगणकावर घेऊ या ना, बाबा," जावई तत्त्व विसरून बोलून गेला. "एका बटणात सगळी खरखर साफ होते."

"एका बटणात काय काय साफ होतं ते मला ठाऊक आहे, जावईबापू! बटणाला काय कळणार तिचा आवाज कुठला आणि कचरा कुठला? मी साफ करून देतो. गाळणीनं."

"बाबा, परवा निघायचंय," मुलगी म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर स्पूल ह्यांच्या हवाली करायचं. कबूल?"

"संध्याकाळ कशाला? सकाळीच देतो."

सरांनी खरोखरच त्याच दिवशी पहिली बाजी मारली. फीत लावताच आवाजाखाली एक जाड घरघर येत होती. "ही घरातल्या विजेची," सर म्हणाले. "संथ आहे. हाय-पासनं जाईल." त्यांनी कपाटातला कंडेन्सर काढला, कॉइल काढली, डाखणीचा धूर केला, आणि घरघर अशी नाहीशी झाली की जावयानेसुद्धा टाळी वाजवली. स्पीकरमधून तरुण सर म्हणाले, "हॅलो, हॅलो, चाचणी. एक, दोन, तीन..." आणि त्यावर तिचा आवाज आला.

"तीनच्या पुढे येतं का काही? चहा गार होतोय."

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"बरं झालं. त्या यंत्रालाही कळू दे, चहा गार होतोय ते. या आता."

आणि मग दोघांचे हसणे. मुलीने डोळ्याला पदर लावला. सरांनी चष्मा पुसला, वास्तविक तो स्वच्छ होता.

"छान झालंय, बाबा. आता फक्त ती सळसळ काढा."

"कसली सळसळ?"

"ही काय! पाऊस पडत असल्यासारखी. अख्ख्या फितीवर आहे."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"बाबा, एवढी मोठी सळसळ!"

सरांनी जावयाकडे संशयाने पाहिले. "तुमच्या त्या मोबाइलमुळे येत असेल." जावयाने मुकाट्याने मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. सळसळ कायम राहिली, असे मुलीचे म्हणणे पडले. जावयालाही ती ऐकू येत होती. पण त्याला सासऱ्यांचा चेहराही दिसत होता, म्हणून त्याने "थोडीशी" असे मोघम उत्तर दिले.

"ठीक आहे. लेकीच्या समाधानासाठी एक लो-पासही लावू," सर औदार्याने म्हणाले. "सळसळ चपळ असते. असलीच, तर जाईल."

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई प्रवासाची खरेदी करायला बाहेर पडले आणि सर टेबलापाशी बसले. लो-पास तयार झाला. त्याला त्यांनी फिरवायची खुंटी ठेवली होती, ज्यायोगे कुठपासून वरचे अडवायचे ते ठरवता यावे. जोडणी करून त्यांनी फीत लावली, खुंटी फिरवली, आणि ते चकित झाले. आवाजात तसूभरही फरक पडला नाही. खुंटी इकडे, खुंटी तिकडे, फिल्टर लावा, फिल्टर काढा, सगळे एकच.

येथे सरांनी जो तर्क केला, त्याला कोणत्याही परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते. फिल्टर लावूनही आवाज बदलत नाही, त्याअर्थी फिल्टर काम करीत नाही. जोडणी आपली आहे, म्हणून ती बिनचूक आहे. कॉइल आपण स्वतः गुंडाळली आहे. राहता राहिला लो-पाससाठी कालच दुकानातून आणलेला कंडेन्सर. वस्तूंचा दर्जा घसरला आहे.

सुट्या भागांचा दुकानदार हा सरांचाच विद्यार्थी होता; दोनदा नापास होऊन व्यापारात शिरलेला आणि त्यामुळे वर्गातल्या सर्वांपेक्षा सुखी झालेला.

"हा कंडेन्सर मेलेला आहे," सरांनी तो काउंटरवर ठेवला.

"सर, कालचाच माल आहे. थांबा, मीटरवर लावतो." त्याने लावला. "हा बघा. काटा अगदी जागेवर."

"मीटर बिघडलं असेल."

"सर!" दुकानदाराने कानाची पाळी पकडली. "तुम्हीच शिकवलंत ना? कान आणि काटा यांचं भांडण लागलं तर काट्याचं ऐकावं. हेच वाक्य पाठ नव्हतं म्हणून पहिल्यांदा नापास झालो होतो मी."

आपलेच वाक्य आपल्यावर उलटले, तरी सरांना पटले मात्र नाही. त्यांनी दुसरा कंडेन्सर घेतला, घरी येऊन बसवला, आणि निकाल तोच. तेव्हा त्यांनी माळ्यावरून सूरजनक खाली काढला. हव्या त्या उंचीचा शुद्ध सूर काढणारे ते यंत्र. फिल्टर बाजूला ठेवून त्यांनी ते सरळ स्पीकरला जोडले, खालचा सूर लावला आणि हळूहळू वर चढवत नेला. सूर चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि नाहीसा झाला.

"अरेच्चा! फिल्टर लावायच्या आधीच?"

याचा अर्थ उघड होता. सूरजनकही बिघडला. सरांनी आवाजाची खुंटी वाढवली. काही नाही. आणखी वाढवली. काही नाही. शेवटी ती जाईल तिथपर्यंत नेली, आणि सुटलेला सांधा शोधण्यासाठी यंत्राच्या पाठीकडे विजेरी घेऊन वाकले.

ती दुपारच्या झोपेची वेळ होती. सर ज्याला शांतता समजत होते, ती शांतता पत्र्यावर खिळा ओढावा तशी साऱ्या इमारतीत कर्कश किंचाळत होती. तळमजल्यावरच्या दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या रुग्णांनी ती किंचाळी आतल्या यंत्राची असल्याची समजूत करून घेतली आणि ते एकेक करून, दुखरा गाल धरून, गुपचूप चालते झाले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा कुत्रा खाटेखाली शिरून रडू लागला. बाईंनी आधी गॅस पाहिला, मग नळ पाहिले, मग प्लंबरला बोलावले. प्लंबरने पाइपाला कान लावला आणि तत्काळ निदान केले.

"हवा अडकलीय. वरच्या टाकीपासून बघावं लागेल."

अशी ही वरात सरांच्या दारी आली. बेल वाजवून उपयोग झाला नाही, तेव्हा प्लंबरने पान्याने दार ठोकले.

"सर, तुमच्याकडे काही शिट्टी ऐकू येते का हो?" मुख्याध्यापिकाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडल्या.

"शिट्टी? छे! माझ्याकडे अगदी शांत आहे."

"अहो, इथं तर जास्तच वाजतेय!" मागून दंतवैद्य म्हणाला. त्याच्या तोंडावरची पट्टी हनुवटीवर उतरली होती. "माझे सगळे पेशंट पळाले!"

"ध्वनी हा माझा विषय आहे," सर गंभीरपणे म्हणाले. "चला, मी येतो. आवाजाचा उगम शोधण्याची एक पद्धत असते."

आणि सर पुढे झाले. दार त्यांनी उघडेच टाकले, त्यामुळे शिट्टी जिन्यात मोकळी झाली. गच्चीपर्यंत वाटेत त्यांनी प्रत्येक मजल्यावर थांबून चौकशी केली, "इथं वाढली की कमी झाली?" प्रत्येक मजल्यावर लोक म्हणाले, कमी झाली. "याचाच अर्थ आपण उगमाकडे निघालो आहोत. जवळ गेलं की कधीकधी आवाज आपणच आपल्याला खोडतो," सरांनी खुलासा केला. प्लंबरला तो इतका पटला की त्याने गच्चीवर पोचताच मुख्य झडप फिरवून साऱ्या इमारतीचे पाणी बंद केले.

"आता थांबेल," तो म्हणाला.

आणि खरोखरच ती थांबली.

"थांबली!" सगळे एका आवाजात म्हणाले. कुत्रा बाहेर आल्याचे खालून ऐकू आले. प्लंबरने मिशीवरून हात फिरवला.

"काय थांबलं?" सरांनी विचारले.

इतक्यात जिन्यातून धापा टाकत मुलगी वर आली. तिच्या हातात वायरीचे टोक होते. "बाबा! तुमचं ते यंत्र चालू होतं! पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू येत होतं. मी बंद केलं."

"अगं, ते यंत्र तर बिघडलंय. ते आवाजच देत नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी पदराच्या टोकाशी चाळा सुरू केला. दंतवैद्याने तोंडावरची पट्टी पुन्हा वर चढवली. प्लंबरने झडप उघडली.

"सर," बाई अखेर म्हणाल्या, आणि आयुष्यभर वर्ग गप्प करणारा त्यांचा आवाज फार हळू झाला होता, "असू दे. होतं असं."

सर खोलीत परतले. त्यांनी सूरजनक पुन्हा लावला, आवाज अगदी कमी ठेवला, आणि या वेळी स्पीकरला मीटर जोडून काट्यावर नजर रोखली. सूर वर चढला, बारीक झाला, नाहीसा झाला. काटा मात्र होता तिथेच उभा राहिला. त्यांनी खुंटी मागे आणली. सूर परत आला. पुढे नेली, गेला. काटा जागचा हलला नाही. मुलगी दारात उभी होती. प्रत्येक वेळी सूर नाहीसा झाला की तिच्या भुवया आक्रसत होत्या, हेही त्यांनी पाहिले.

कान आणि काटा यांचे भांडण लागले होते. उभ्या हयातीत त्यांनी याचा निवाडा एकाच बाजूने दिला होता.

"लो-पास," सर स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाले. "चांगला तीव्र उताराचा आहे, वरचं एकदम तोडतो. कधी तयार झाला कळलंसुद्धा नाही."

"म्हणजे बेल..." जावई बोलता बोलता थांबला.

"बोला, बोला, जावईबापू. बेल, किटली, घड्याळ, चिमण्या. सगळे निर्दोष." मग त्यांनी हात झटकला. "ते राहू द्या. मी वचन दिलंय. तुझा फिल्टर तयार आहे, तो बिघडलेला नव्हताच. मला ऐकू येणार नाही, तू सांग. सळसळ गेली की थांब म्हण."

फीत लागली. सरांनी खुंटी हळूहळू फिरवली.

"अजून... अजून... गेली! थांबा." मुलगी ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, चमचा कुठं गेला?"

"कसला चमचा?"

"आई बोलते त्याच्या मागे चमचा वाजतोय ना. कपाच्या काठावर. टिण, टिण, टिण. तुम्हाला चहाला बोलवायला ती वाजवायची. सळसळीबरोबर तोही गेला."

सरांना चमचा आठवला. संसाराची कितीतरी वर्षे त्या टिण-टिणवर ते हातातली डाखणी ठेवून उठले होते. पुढे कधीतरी तो वाजेनासा झाला. तिला आता आपल्याला बोलवावेसे वाटत नाही, असे त्यांनी तेव्हा मनाशी धरले होते; दोन दिवस रुसलेही होते. मग ती स्वतःच कप घेऊन खोलीत येऊ लागली आणि टेबलावर आपटून म्हणू लागली, "तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं."

"शेवटी शेवटी तिनं तो चमचा वाजवायचा सोडला होता, नाही का?" त्यांनी सहज विचारावे तसे विचारले.

"छे! रोज वाजवायची. मला म्हणायची, वाजव वाजव वाजवते आणि मग हमालासारखी कप घेऊन जाते."

सरांनी लो-पासची तार सोडवली आणि फिल्टर उचलून बाजूला ठेवला.

"सळसळ राहू दे," ते म्हणाले. "चमचा अडवणारी गाळणी माझ्या घरात एक आहे तेवढी पुष्कळ झाली. तू अशीच घेऊन जा."

"पण बाबा, तुम्हाला..."

"थांब. चपळ सूर माझ्या दारातून आत येत नाही ना? मग त्यालाच संथ करू." जुन्या टेपरेकॉर्डरला दोन गती होत्या. सरांनी फीत मागे घेतली आणि गतीचा खटका अर्ध्यावर ओढला. गती अर्धी झाली की सारे सूर अर्ध्या उंचीवर उतरतात.

स्पीकरमधून एक जाडाभरडा, सुस्त, मिशाळ आवाज म्हणाला, "चऽहाऽ गाऽर होऽतोऽय."

"हा तर माझा सासरा!" सर दचकून म्हणाले. जावयाने हसू दाबायचा यत्न केला. मुलीने केलाच नाही. आणि त्या हसण्याखालून, त्या सासऱ्याच्या आवाजामागून, विहिरीच्या तळाशी कोणी पितळेवर बोट मारावे तसे काहीतरी आले. टणऽ. टणऽ. टणऽ.

सर उठून उभे राहिले. डाखणी टेबलावर ठेवावी तसा त्यांचा हात झाला, पण हातात काही नव्हते. "आलो," ते म्हणाले, आणि मग कुठे जायचे ते न सुचून स्टुलापाशी थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान दाराशी लागले. आईचा आवाज, सळसळीसकट आणि चमच्यासकट, जावयाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. तो त्यात भरताना सरांनी बटण दाबण्याचा मान स्वतःकडे घेतला. कानाच्या डॉक्टरकडे जायचे त्यांनी कबूल केले होते, मात्र कानात घालायचे ते यंत्र आधी उघडून आतला फिल्टर दाखवण्याच्या अटीवर.

निघण्यापूर्वी मुलीने चहा केला आणि सवयीने चमचा कपाच्या काठावर वाजवला. कामाच्या खोलीतून उत्तर आले नाही. तिने पुन्हा वाजवला. मग ती थबकली, चमचा खाली ठेवला, फळीवरचा लाकडी डाव घेतला आणि पालथ्या पातेल्यावर मारला. धप्, धप्, धप्.

"आलो, आलो!" आतून सरांचा आवाज तत्क्षणी आला, आणि पाठोपाठ चपला फरफटल्या. "एवढं बडवायला काय झालं? माणूस काय बहिरा आहे?"